बोटभर तार

"भावजी, ज्या तोंडानं आज तुम्ही माझं नाव घेतलंत, त्याच तोंडानं चार लोकांत ते परत घ्यायला लावीन," असं मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून सांगितलं होतं. भावजी हसले. गिऱ्हाइकंही हसली, कारण मालक हसला की गिऱ्हाइकांना हसावंच लागतं. त्या हसण्याला दोन वर्षं झाली, पण एक दिवसही ते माझ्या कानातून गेलं नाही. मी तशी वाईट बाई नाही हो. पण डूख धरते, हे कबूल. आमची आई म्हणायची, हिच्या डोक्यातली गोष्ट काढायची तर आधी डोकं काढावं लागेल.

दुकान व्हॅक्युम क्लीनर दुरुस्तीचं. सासऱ्यांनी काढलेलं, थोरले म्हणून भावजींकडे आलेलं. पुढे काउंटरवर आमचे हे, म्हणजे माझा नवरा, भावजींचा धाकटा भाऊ. मागच्या खोलीत टेबलावर मी. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा फ्यूज बदलता येत नव्हता. सासऱ्यांनी समोर बसवून शिकवलं आणि मग सतरा वर्षं या गावातल्या निम्म्या घरांची धूळ माझ्या नाकातून गेली. मोटरचा आवाज ऐकून मी सांगायचे, कार्बन झिजलेत की बेअरिंग गेलंय. लोक मला मोटरवाल्या बाई म्हणायचे. आणि भावजी काय करायचे म्हणाल, तर भावजी मालक होते. तेही काम असतं म्हणा. खुर्ची उबदार ठेवावी लागते.

झालं असं की, शिकवणीच्या बाईंच्या घरात मशीन पेटली. या बाई घरीच मुलांना गणित शिकवायच्या. मशीन चालू असताना आतून धूर आला, पिशवीतली धूळ पेटली, तिथून सोफा, सोफ्यावरून पडदा. बाईंनी जळती मशीन उचलून बाल्कनीत फेकली म्हणून घर वाचलं, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोन बोटं पुढे वाकेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून त्या दुकानात आल्या, ती जळकी मशीन पोत्यात घालून. वीसच दिवसांपूर्वी ती आमच्याकडून दुरुस्त होऊन गेली होती.

भावजींनी ती सगळ्यांसमोर उघडली. आत कटआउटवर तार होती.

कटआउट म्हणजे मोटरला चिकटवलेला बोराएवढा पुर्जा. मोटर फार तापली की तो वीज तोडतो आणि मशीन थांबते. मशीन थांबली की लोकांना वाटतं बिघडली, पण ती खरं तर तुम्हाला वाचवत असते. आता त्याच्या दोन टोकांना कोणी तार जोडून ठेवली, तर मशीन कधीच थांबणार नाही. तापत राहील, चालत राहील आणि एक दिवस पेटेल. हे या धंद्यातलं पाप आहे. सासरे हयात असते तर तार लावणाऱ्याला त्यांनी त्याच तारेनं बडवलं असतं.

"मोटरचं काम ही करते," भावजी म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती मशीन उघडलीच नव्हती! ती आली तेव्हा मी आठ दिवस तापानं अंथरुणात होते. पण पुरावा काय? सासऱ्यांची एक शिस्त होती. जो मशीन उघडेल त्यानं झाकणाच्या आतून पेन्सिलीनं तारीख घालायची आणि आपली खूण करायची. माझी खूण गोल, भावजींची फुली, यांची नुसती उभी रेघ. पण त्या मशीनचं झाकण वितळून त्याचा गोळा झालेला. मी यांच्याकडे वळले. म्हटलं, "अहो, सांगा ना, मी घरी होते म्हणून." हे पेनाला टोपण बसवत होते. इतका वेळ टोपण बसवत होते की जणू सातासमुद्रापारचं पेन होतं. बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं, मग पोतं तिथंच टाकून निघून गेल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी त्याच मिनिटाला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, बाहेर आले आणि ते पायरीवरचं बोलले. माझ्या मनात शंका नव्हती. मी आजारी असताना टेबलावर बसणार कोण, तर भावजी. यांना तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे विचारून फिरवायची सवय.

वेगळं दुकान काढावं म्हटलं तर माझ्याकडे मशीन कोण देणार? गावात माझं नाव झालं होतं, आग लावणारी बाई. भाजी घ्यायला गेले तरी बायका कुजबुजायच्या. दोन महिने मी घरात बसून भिंतींना शिव्या घातल्या. मग एक दिवस झाडता झाडता डोक्यात प्रकाश पडला. भावजी जेवतात कशावर? दुकानात दहा मशिनी आल्या तर सात मशिनींना काहीही झालेलं नसतं. पिशवी भरलेली असते. फिल्टर जन्मात कोणी झटकलेला नसतो. ब्रशला केस गुंडाळलेले असतात, पाइपात मोजा अडकलेला असतो. पाच मिनिटांचं काम. पण भावजी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "मोटर उघडावी लागेल. चार दिवसांनी या." चार दिवस ती मशीन मागच्या खोलीत आराम करायची.

म्हटलं, ठीक आहे. तुमचं हे गुपित मी गावाला फुकट वाटते.

वाचनालयाच्या वरची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. ग्रंथपाल माझ्या ओळखीच्या, त्यांच्या मशीनचा पट्टा मीच बदलला होता. दारावर कागद लावला: आपापली मशीन घेऊन या, स्वतः दुरुस्त करायला शिका, फुकट. पहिल्या शनिवारी चार जण आले आणि त्यातले दोघं, मी पुन्हा काय पेटवते ते बघायला. न्हावी आपली मशीन घेऊन आला होता, ती धूळ ओढतच नव्हती. मी ब्रश उलटा केला, कात्री त्याच्या हातात दिली, म्हटलं, "काप. तुझाच धंदा आहे." त्यानं केसांचा असा जाड दोर काढला की त्यानं विहिरीतून पाणी काढता आलं असतं. "बाई, या केसांनी माझा गळा कापला होता हो," तो म्हणाला, आणि मशीन लावली तर सतरंजीच उचलायला लागली. तो न्हावी. दिवसभरात पंचवीस डोकी त्याच्या हाताखालून जातात. पुढच्या शनिवारी एकोणीस जण आले.

मग काय विचारता. मी काही राखून ठेवलं नाही. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा, पूर्ण भरायची वाट बघू नका. फिल्टर धुतलात तर पूर्ण दिवसभर वाळवा, ओला बसवलात तर मोटर संपली. वायर गुंडाळताना घट्ट आवळू नका, प्लगजवळ तुटते. पाइप अडला का बघायचं तर एका टोकातून गोटी सोडा, दुसऱ्या टोकातून पडली तर ठीक. मशीन मध्येच थांबली तर प्लग काढा, तासभर थांबा आणि आत काय तुंबलंय ते शोधा. निवृत्त पोस्टमास्तर वहीत सगळं उतरवून घ्यायचे. त्यांनी तर कागदी पिशवी साबणानं धुतली होती, तिचा लगदा डब्यात घालून दाखवायला आणला. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. मला कित्येक दिवसांनी हसू आलं. पण खरं सांगते, शिकवण्याचं पुण्य वगैरे माझ्या मनात काडीभर नव्हतं. प्रत्येक घर मी मोजत होते, हे एक घर भावजींचं गेलं, हे दुसरं गेलं.

बातम्या मला घरबसल्या मिळायच्या, कारण आमचे हे अजून त्याच काउंटरवर. संध्याकाळी जेवताना मी हळूच विचारायचे, "काय, आज किती मशिनी आल्या?"

"तीन."

"अगंबाई! थोडी भाजी घ्या ना आणखी."

पुढच्या महिन्यात दोन. मग एक. मग एक दिवस हे ताटाकडे बघत म्हणाले, "आज कोणीच नाही आलं. दादा दिवसभर खुर्ची पुसत होता."

"पुसू द्यात. धूळ फार असते दुकानात."

"किती दिवस चालवणार आहेस हे?"

"तुमचे दादा चार लोकांत तोंड उघडेपर्यंत."

"अगं, दुकान बंद पडलं तर आपणही उपाशीच मरणार ना."

"मरू. पण ते आधी मरतील." असं मी बोलले, शपथेवर सांगते. पायावर धोंडा पाडून घेत होते हे मला कळत होतं. पण शेजारी त्यांचाही पाय होता ना, तोही सापडत होता, म्हणून धोंडा गोड लागत होता. जाऊबाईंचा फोन आला, "पोटावर पाय देतेस का गं?" मी म्हटलं, "तुमच्या नवऱ्यानं माझ्या तोंडाला काळं फासलं तेव्हा तुम्ही आरसा धरला होता का?" त्यांनी फोन ठेवला.

यांच्यावर राग नव्हता असं नाही. ते टोपण मी विसरले नव्हते. पण मनाची समजूत घातली होती की भावापुढे बोलायची यांची छाती नाही, दुबळा माणूस, याच्याकडून काय अपेक्षा करायची. दुबळ्याला माफ करणं सोपं असतं.

दीड वर्षानंतर, एका शनिवारी बेकरीवाले आपली मशीन घेऊन आले. तोपर्यंत खोली भरून जायची, तीस-पस्तीस माणसं, मागचे उभे. त्या दिवशी मागच्या रांगेत शिकवणीच्या बाई पहिल्यांदाच दिसल्या. उजवा हात ओढणीखाली. पोस्टमास्तर त्यांना समजावून घेऊन आले होते. मनात म्हटलं, बसू देत, बघू देत मला काम येतं की नाही.

बेकरीवाले फुशारकीनं म्हणाले, "बाई, बाकीच्यांच्या मशिनी थांबतात, माझी बघा. तुमच्याच दुकानातून करून आणली होती. तेव्हापासून कितीही तापू दे, थांबायचं नाव नाही!"

मी सावध झाले. "कधी केली होती?"

"झाली की दोन वर्षं."

मी टेबलावर मशीन घेतली, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत तार. बोटभर, लाल प्लास्टिकची, कटआउटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पिशवीची कड तपकिरी पडली होती. बेकरीवाल्यांच्या घरी दोन नातवंडं आहेत, ती याच मशीनवर बसून घोडा घोडा खेळतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मला त्या पोरांच्या अंगाखाली जाळ दिसला. आणि त्याच क्षणी, देवा, मला आनंदही झाला. सापडलं! झाकण शाबूत आहे! मी ते झाकण उंच धरलं आणि ओरडले, "बघा सगळ्यांनी! माझ्या नावावर खपवलेलं काम! आमच्याकडे उघडणारा आतून आपली खूण करतो. आता बघा कोणाची फुली आहे ती!"

आणि झाकण उलटं केलं.

फुली नव्हती. तारीख होती, मी तापात होते त्या आठवड्यातली. आणि तारखेपुढे एक उभी रेघ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पस्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मागून बाई मान उंच करून बघत होत्या. मी झाकण टेबलावर पालथं ठेवलं. "पुसट झालंय," मी म्हटलं. मग सगळ्यांसमोर तार काढली, बेकरीवाल्यांना सांगितलं की नवा कटआउट बसवल्याशिवाय याचा प्लगसुद्धा लावायचा नाही, आणि घसा बसल्याचं सांगून वर्ग लवकर सोडला.

घरी हे पेपर वाचत होते. मी तार त्यांच्या पेपरावर टाकली.

"तापात होते मी, तेव्हा मागच्या टेबलावर कोण बसत होतं?"

यांनी तार बोटानं बाजूला सारली. "दादा म्हणाला, मशिनी साठल्यात, जमेल तेवढ्या कर."

"आणि ही?"

"तूच दाखवली होतीस."

"मी? जीभ झडेल!"

"त्याच्या आधी महिनाभर. मागं ढीग पडला होता, तू मला मदतीला बसवलं होतंस. एक मशीन चालूच होईना. मी विचारलं, काय करू? तू म्हणालीस, कटआउटच्या दोन टोकांना तार लावून बघ. मी लावली. मोटर चालली. मी विचारलं, आता? तू वर मान करून बघितलंही नाहीस. म्हणालीस, चालली ना? झालं मग."

मला आठवलं. खोटं कशाला बोलू, शब्द न् शब्द आठवला. तार लावायची ती फक्त तपासायला, दोष मोटरचा आहे की कटआउटचा ते कळायला. मग ती लगेच काढायची, कटआउट बदलायचा आणि मोटर का तापली ते शोधायचं. सासऱ्यांनी हे मला दहा वेळा बजावलं होतं. मी यांना एकदाही सांगितलं नव्हतं. इतकं तर कोणालाही कळेल, असं मला वाटलं होतं. ती मशीन मग मी स्वतःच घेऊन पुरी केली होती, तार काढून. यांनी ते बघितलंच नसणार, हे तेव्हा काउंटरवर परत गेले होते.

पण तेवढ्यानं मी गप्प बसणारी नव्हते. "ते राहू द्या! जळकी मशीन दुकानात आली तेव्हा तुम्हाला कळलं ना, की तुमची आहे?"

"कळलं."

"आणि भावजींना?"

"दादानं तार बघितल्याबरोबर माझ्याकडे बघितलं. मग तुझं नाव घेतलं. नंतर म्हणाला, तिचं काय, ती घरी बसेल. तुझं काम सुटलं तर घर कसं चालेल?"

"आणि या दोन सोडून बाकीच्या? त्या आठ दिवसांत आणखी किती तारा लावल्यात?"

यांनी बोटं मोजली. मोजता मोजता रडायला लागले. "सहा. नाही, सात. दादा म्हणाला, मशिनी परत मागवल्या तर लोकांना कळेल."

सात घरं! दोन वर्षं सात घरांत विस्तव झाकून ठेवलेला, आणि हे दोघं भाऊ काउंटरमागे बसून किती मशिनी आल्या ते मोजत होते. आणि मी यांना भाजी वाढत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि इथं तर तो दांडा माझ्याच ताटात जेवत होता. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "शनिवारी तुम्ही वाचनालयात यायचं. सगळ्यांसमोर आपल्या हातानं त्या तारा काढायच्या आणि कोणी लावल्या ते सांगायचं. आणि दादांना घेऊन यायचं. नाही आलात तर या घरात परत यायचं नाही."

"आणि तू शिकवलंस ते?" यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो त्यात. खरंच विचारत होते, ते सांगायचं का नाही म्हणून.

मी आत जाऊन दार लावलं.

तो आठवडा मी दारोदार फिरले. यांना आठवत होती ती सात नावं घेऊन प्रत्येक घरी गेले, म्हटलं, मशीन लावू नका, शनिवारी घेऊन या. बुधवारी भावजी घरी आले, पहिल्यांदाच बेल वाजवून. म्हणाले, "मागचं टेबल तुझं. परत ये. वर्ग बंद कर, झालं गेलं विसरू."

"चार लोकांत, भावजी."

"नवऱ्याची अब्रू जाईल."

"माझी गेली तेव्हा कुठं होता तुम्ही? अहो हां, तुम्हीच तर घालवायला उभे होता."

ते गेले. पण शनिवारी आले. यांनी त्यांना सांगितलं होतं, "दादा, तू आला नाहीस तर मी एकटाच सगळं सांगणार आहे." आयुष्यात पहिल्यांदा यांनी भावाला असं काही सांगितलं असेल.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर मशिनी ओळीनं. सहा आल्या होत्या, सातवी कुटुंबासकट परगावी गेली होती, तिथं मी फोन केला होता. शिकवणीच्या बाई या वेळी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि हात ओढणीबाहेर होता. कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. दोन बोटं सरळच.

हे उभे राहिले. मी बाजूला हाताची घडी घालून उभी होते, पाणीसुद्धा दिलं नाही. मग यांनी पहिल्या मशीनचे स्क्रू काढले, झाकण उलटं करून सगळ्यांना दाखवलं. "ही रेघ माझी," हे म्हणाले. "ही तार मी लावली." दुसरी उघडली. "ही माझी." तिसरी. चौथ्या मशीनचा स्क्रू यांच्या हातून खाली पडला, तो न्हाव्यानं उचलून दिला. सहाही मशिनींत तार निघाली. एका बाईंनी आपलं बाळ उचलून छातीशी धरलं.

"बाईंच्या घरची पण मीच लावली होती," हे म्हणाले. "हिनं ती उघडलीच नव्हती. ही तापात होती. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

सगळ्या माना भावजींकडे वळल्या. ते दाराशी उभे होते. मी म्हटलं, "बोला भावजी."

त्यांनी घसा खाकरला. "मलाही ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी मुद्दाम हिचं नाव घेतलं. हिची काही चूक नव्हती."

दोन वर्षं मी या वाक्यासाठी जगले होते. रोज झोपताना ते त्यांच्या तोंडी घालून बघायचे. आता ते खरोखर कानावर पडलं आणि मला वाटलं, आणखी एकदा म्हणा, मोठ्यानं म्हणा, खिडक्या उघडते, बाहेर रस्त्यावर जाऊ दे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की सुखाचं, देव जाणे. पोस्टमास्तर टाळ्या वाजवायला लागले आणि मग लाजून थांबले.

तेवढ्यात शिकवणीच्या बाई उठल्या. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मला एकच विचारायचंय. तुम्ही तर काउंटरवरचे. ही तार लावायची तुम्हाला शिकवली कोणी?"

यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी यांच्याकडे बघत होते, एका शब्दासाठी. आता हे बघत होते. शब्द माझ्याकडे होता.

बोल, बोल, असं मी मला म्हणत होते. तोंड उघडलंही होतं.

"कोणी नाही," हे म्हणाले. "माझं मीच केलं. मला अक्कल नव्हती."

आणि खाली बघून सहाव्या मशीनचं झाकण बसवायला लागले. मी अजून बोलू शकले असते. एक स्क्रू बसेपर्यंत वेळ होता, दुसरा बसेपर्यंत वेळ होता. सगळी खोली माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ना, ती नजर मी दोन वर्षं मागत होते, आणि ती आता माझ्या अंगावर पडली होती, उन्हासारखी. मला ती सोडवेना. मी तोंड मिटलं.

बाई माझ्यापाशी आल्या. तो भाजलेला हात त्यांनी माझ्या हातात दिला. वाकणारी बोटं माझ्या हाताभोवती मिटली, ती दोन तशीच ताठ राहिली. "दोन वर्षं मी तुमच्या नावानं बोटं मोडली," त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. "रोज शाप दिले हो तुम्हाला. मला माफ करा."

"असू द्या हो बाई," मी म्हटलं. "तुमची काय चूक त्यात."